काळ्या दोऱ्यातले एकेचाळीस बिल्ले

१

एकोणनव्वद सालच्या श्रावणात, खानदेशात घरोघरी कानबाई बसवतात त्या रविवारी भर दुपारी, धुळ्याच्या देवपुरातल्या एका घरातून एकेचाळीस बिल्ले नाहीसे झाल्याचं उघडकीला आलं. बिल्ले नखाएवढे, निकेलचे. भंगारवाल्यानेसुद्धा ते हातात धरले नसते.

लीलाधर नाना त्या वेळी शेजारी कानबाईच्या दर्शनाला निघण्याच्या बेतात होते आणि दारातच बायकोने त्यांना अडवलं होतं.

"कानबाईच्या दारात काळी टोपी?" प्रमिलाबाईंनी ती त्यांच्या डोक्यावरून उचललीच. "वय वाढलं, अक्कल नाही वाढली. ही घ्या पांढरी."

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नानांची हयात गेली होती, त्यातली अठरा वर्षं एकट्या बोदवड स्टेशनावर. तिथल्या साहेबांनाही ते उलट बोलत. प्रमिलाबाईंपुढे मात्र त्यांची गाडी कायम सिग्नलला उभी. मुकाट्याने पांढरी टोपी चढवून ते वळले, तर फाटकाशी शेजारची सुनंदा. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, पोरांना धाकात ठेवणारी बाई, आणि आज डोळे भरलेले. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता.

"नाना, माझे बिल्ले गेले."

नानांनी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि आपलं ठेवणीतलं वाक्य सांगितलं. "पोरी, माल हरवत नसतो. तो भलत्या स्टेशनावर उतरलेला असतो. कुणी उतरवला आणि कशापायी, एवढंच आपण शोधायचं."

या बिल्ल्यांची गोष्ट अख्ख्या देवपुराला ठाऊक होती. पालवा हा समुद्रातला मासा. पावसाळ्यात नद्यांना पूर आले की तो खारं पाणी सोडून गोड्या पाण्यात शिरतो आणि तिथे अंडी घालतो. पण नदीच्या तोंडाशीच बोटवाल्यांची जाळी. ती असतात दुसऱ्याच मासळीसाठी. पालवा बिचारा येता येता त्यांत अडकून मरतो. काटेरी आणि लवकर नासणारा, म्हणून तो टोपलीच्या तळाशी पडतो आणि बर्फातून, ट्रकने, सुरतेकडून धुळ्याच्या बाजारात येतो. किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्राने काही पालव्यांना बिल्ले टोचून समुद्रात सोडलं होतं. पाच वर्षांपूर्वी बाजारातल्या ताईबाई भोईणीला मासा चिरताना पहिला बिल्ला सापडला. तिने तो सुनंदेला आणून दिला, आणि तेव्हापासून दोघींनी मिळून त्रेसष्ट जमवले. कोणत्या माशाच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, होती हे ताईबाई सांगायची, सुनंदा वहीत लिहायची. गाबोळीवाले एकेचाळीस बिल्ले काळ्या दोऱ्यात ओवलेले, बाकीचे बावीस पांढऱ्या.

"मंगळवारी झेंडावंदन उरकलं की किनाऱ्यावर बोटवाल्यांची बैठक आहे," सुनंदा म्हणाली. "गुरुवारी नारळी पौर्णिमा. त्या दिवशी बोटी निघाल्या की संपलं. एकवीस दिवस नदीच्या तोंडाशी जाळं लावू नका, एवढंच माझं मागणं. त्यांच्या म्होरक्याने कळवलंय, बाई, कागद तर आम्हीही लिहू शकतो. गाबोळीवालीचे बिल्ले आमच्या हातावर ठेवा, मग बोलू. उद्या दुपारी एकची एस.टी. आहे, नाना. पाच वर्षं गेली माझी. वर्षं गेली तर गेली, पण यंदाही त्या गाबोळीवाल्या नदीच्या दारातच मरतील."

नानांनी डबा उघडला. पांढरा दोरा बावीस बिल्ल्यांसकट जागेवर होता. त्याच्या शेजारी काळा दोरा, छान गुंडाळून ठेवलेला. रिकामा.

२

नानांनी चष्मा पुसला आणि दोरा उजेडात धरला. गाठ तोडलेली नव्हती, सोडवलेली होती. डबा उलटा करून ठोकला तेव्हा तळातून गव्हाचा एक दाणा पडला. तो त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला.

"डबा सापडला कुठे?"

"माझ्या टेबलावर, नेहमीच्याच जागी. झाकण घट्ट लावलेलं. काल संध्याकाळी मी स्वतः पाहिले होते, सगळे होते."

"काल कोण कोण आलं होतं?"

काल जीवराम आला होता. सुरतेच्या टोपल्या त्याच्याच आडतीवर उतरतात. बैठक दिवाळीनंतर घ्या, अशी गळ घालायला तो आला होता. ताईबाईही होती, आणि तिचं आणि सुनंदेचं थोडं वाजलं होतं. टोपल्या बंद झाल्या तर आम्ही काय विकायचं, असं ताईबाई पहिल्यांदाच बोलली होती.

"मग मी दोघांना दोरे दाखवले. म्हटलं, या एकेचाळीस जणी पोटुशा होत्या. बाळंतपणाला माहेरी निघाव्यात तशा निघाल्या आणि उंबऱ्यावर मेल्या. जीवराम हसला. आई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, 'हाई भूत आते उचल. उद्या मनी कानबाई येई.'"

आई म्हणजे तिच्या सासूबाई, झुंबरबाई. श्रावणात माशाचं नाव निघालं तरी पदर नाकाला लावणाऱ्या. या डब्याला त्या भूत म्हणत, हे नानांना ठाऊक होतं.

"घरात सांगितलंस, बिल्ले गेले म्हणून?"

"कसं सांगू? सगळे भाऊबंद जमलेत, रोट भाजणं चाललंय. सणाच्या दिवशी घरात चोरी झाली असं कुठल्या तोंडाने बोलू?"

नानांनी मान हलवली. पांढरी टोपी नीट केली आणि शेजारी गेले. सोप्यात पाटावर कानबाई बसली होती. नारळाला मुखवटा, नथ, डोरलं, हिरवं लुगडं. पुढे ओटी भरून ठेवलेली. खण, नारळ, हळकुंडं आणि गव्हाची चांगली मोठी रास. झुंबरबाई शेजारी बसून वात सारत होत्या. भिंतीवर एका तरण्या मुलीचा जुना फोटो होता, त्याला आज ताजा हार. ती त्यांची लेक, वच्छला. तिच्याविषयी या घरात कुणी बोलत नसे.

"लीलाधर भाऊ, आज दुपार व्हई गयी तुमले," झुंबरबाई म्हणाल्या.

"टोपी शोधत होतो, अक्का," नाना म्हणाले आणि नमस्कार करून निघाले. अक्कांचे डोळे सुजलेले दिसले. धुरानेही सुजतात. नानांनी ते मनाच्या वहीत टिपून ठेवलं आणि थेट जीवरामचं घर गाठलं.

३

श्रावणात आडत बंद, म्हणून जीवराम ओट्यावर पालथा पडून पाठीला तेल लावून घेत होता. नानांना बघून उठून बसला.

"मास्तरीणबाईंनी पाठवलं असेल. काय झालं?"

"गाबोळीवाले बिल्ले गेले."

जीवराम आधी खूश झाला. ते त्याने लपवलं नाही, आणि तिथेच नानांना तो थोडा आवडला. मग मात्र त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे नाव माझंच येणार की! नाना, खरं सांगतो, ती बैठक मोडली तर मी देवाला पेढे ठेवीन. अहो, पालव्यासाठी कोण जाळं टाकतं? तो आपण होऊन मरायला येतो. पण चोरी? चोरायचंच असतं तर डबा काखेत मारून गेलो असतो. एकेक बिल्ला ओघळवत कोण बसेल? आणि हे बघा."

त्याने दोन्ही हात पुढे केले. बर्फाच्या लाद्या फोडण्यात आयुष्य गेलेलं. बोटं गाजरासारखी, उजव्या हाताचा अंगठा अर्धाच. त्या हातांनी बारीक दोऱ्याची गाठ सुटणं शक्य नव्हतं. सुटली असती तरी दोरा इतका देखणा गुंडाळला नसता.

"मग कोण?"

जीवरामने इकडेतिकडे पाहिलं. "मी चहाडी करत नाही. पण आज सकाळी मी सोमेश्वराला चाललो होतो, तेव्हा ताईबाई मास्तरीणबाईंच्या मागच्या दाराने आत शिरताना पाहिली. कानबाईच्या दिवशी, भोईण, मागच्या दाराने. आता बोला."

मासे विकणाऱ्या बाईला झुंबरबाईंच्या मागच्या दाराने आत घेतलं, यापेक्षा मोठं आश्चर्य नानांनी त्या वर्षी ऐकलं नव्हतं.

४

ताईबाई पांझरेकाठी आपल्या झोपडीपुढे फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसली होती. नानांनी विचारलं, तशी तिची सुई थांबली.

"नाना, माले चोर समजी राहिनात का? पयला बिल्ला तिले मीच दिधा. मीच चोरसू?"

"काल भांडलीस तिच्याशी."

"भांडनू. पोट शे, भांडनच पडस. पन सुनंदाबाईनं काम मनं बी काम शे." तिचा आवाज चिरकला. पाच वर्षं हाताला काटे टोचून घेत तिने प्रत्येक पालव्याचं पोट बघितलं होतं, आणि कुणी तिला कधी त्याचा मान दिला नव्हता, फक्त सुनंदेने.

नानांनी घाई केली नाही. पार्सल ऑफिसात ते एक शिकले होते. माणूस रडत असेल तर पावती नंतर मागावी.

"आज सकाळी मागच्या दाराने का गेलीस?"

"आक्कानी बलायं व्हतं. कानबाईले पांझरानं पानी लागे, ते लई गऊ. मंग आक्कानी माले ओसरीवर बसाडं. चहा दिधा. इतला वरीसमा पयलींदाव, नाना! आनि इचारं, ताई, ह्या मासोया वाटमा काही खातस का?"

"मग?"

"मी सांगं, नही वं अक्का. नदीमा शिरनी का उपाशीच ऱ्हास. पोटमा नुसती गाबोळी. आक्काना चहा तसाच गार व्हई गया."

नाना नदीकाठाने परत निघाले. त्यांच्याजवळ आता गव्हाचा दाणा होता, सोडवलेली गाठ होती, गार झालेला चहा होता. एकाच गाडीचे डबे असावेत असं वाटत होतं, पण इंजिन सापडत नव्हतं. चोराला दोरा का नको होता? चांगला मजबूत दोरा. बिल्ले न्यायचे तर दोऱ्यासकट नेणं किती सोपं!

५

सोमवारी सकाळी बॅंड वाजायला लागला. कानबाई नदीवर निघायची वेळ झाली होती. पहूरच्या बॅंकेत नोकरीला असलेला सुनंदेचा नवरा पंडित फेटा बांधून लोकांना पुढे-मागे करत होता. सुनंदा मात्र भिंतीला टेकून उभी होती. तिने रात्री सगळं घर उलथंपालथं केलं होतं. रिकामीच जाणार म्हणाली. लोक हसले तर हसतील.

नानांनी घाईघाईत छत्री उचलली. पाठीमागून प्रमिलाबाईंचा हात आला.

"पुन्हा काळं? कालच सांगितलं ना? कानबाईच्या वाटेवर काळं चालत नाही. ओटीला तर काळ्या दोऱ्याचा टाकासुद्धा चालत नाही, आणि तुम्ही एवढी छत्री घेऊन निघालात!"

नाना जागच्या जागी थिजले. मग त्यांनी छत्री टाकली, चपलाही टाकल्या आणि सत्तरीच्या वयात त्यांना शोभणार नाही असे पळत सुटले.

मिरवणूक पांझरेच्या पाण्याशी पोचली होती. कानबाईचा पाट पंडितच्या डोक्यावर होता. झुंबरबाई ओटी पदरात धरून गुडघाभर पाण्यात उतरल्या होत्या. आरती झाली की ओटी सोडायची.

"अक्का, थांबा!"

बॅंडवाल्याने मध्येच क्लॅरिनेट थांबवलं. नाना धापा टाकत पाण्यात शिरले, आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले. सुनंदा त्यांच्या मागोमाग आली होती.

"अक्का, डबा फेकला नव्हता, जागच्या जागी ठेवला होता. ज्याला कुणाचं वाईट करायचंय तो झाकण घट्ट लावत बसत नाही. नेले ते गाबोळीवालेच, बाकीच्यांना हात लावला नाही. आणि दोरा मागे ठेवला, कारण तो काळा. अशी एकच जागा आहे जिथे बिल्ला चालेल पण काळा दोरा चालणार नाही. तुमच्या मुठीतल्या गव्हातला एक दाणा डब्यात पडला, तो माझ्या खिशात आहे. त्या उपाशी येतात का, हे जीवराम कशाला विचारेल? ते आईच विचारणार."

झुंबरबाईंनी ओटी घट्ट धरली. क्षणभर वाटलं, त्या नाकारतील. पण त्यांना नाकारायचं काही नव्हतंच.

"हा, मीच लिधात. चोरी नही करी, भाऊ. पोरी शेत त्या. समुद्रमातीन निंघन्यात, उपाशी, पोटुशा, आनि माहेरना दारमा मरन्यात. त्यास्नी ओटी कोनी भरी नही. मनी वच्छला बी आठवा महिनामा माहेरले निंघनी व्हती. नदीले पूर उना. मी ओटीनं ताट लई दारमा बसेल व्हतू." मग त्या सुनेकडे वळल्या. "तुना वहीमा बठ्ठं लिखेल शे ना? मंग तुले बिल्ला कसाले? मी म्हनं, पांझरा तापीले मियस. आपन तरी त्यास्ले नदीमा पोचाडूत."

सुनंदा रडत होती. पाच वर्षं ती शाळा-कॉलेजांत, ऑफिसांत हेच सांगत फिरली होती, आणि ते पुरतं कळलं होतं ते एकट्या या बाईला, जिला ती अडाणी समजत आली होती.

आयुष्यात नानांनी हजारो पार्सलं ताब्यात घेतली होती, पण देवाच्या ओटीतून कधी काही मागितलं नव्हतं.

"अक्का, या एकेचाळीस गेल्या. त्यांना आता नदी काय आणि डबा काय. पण गुरुवारी बोटी निघतील, तेव्हा आणखी कितीतरी जणी वाटेवर असतील. तुमचे हे बिल्ले त्या म्होरक्याच्या हातावर पडले, तर जाळी उचलली जातील. मागच्यांची ओटी भरायची की पुढच्यांना घरी पोचवायचं, हे तुम्ही ठरवा. मी कोण सांगणार?"

काठावरची माणसं कुजबुजायला लागली. पाणी घोट्याशी, गुडघ्याशी लागत वाहत होतं. झुंबरबाईंनी कानबाईच्या मुखाकडे एकदा बघितलं.

"सुनंदा, पदर पसर."

आणि भर नदीत, सगळ्या भाऊबंदांसमोर, सासूने देवीच्या ओटीतून मूठ मूठ उचलून सुनेची ओटी भरली. गव्हातून बिल्ले चमकत होते. चाळीस मोजून झाले. एकेचाळिसावा झुंबरबाईंनी हातात ठेवला, त्याला कुंकू लावलं आणि खणात गुंडाळून पाण्यात सोडला.

"हाई वच्छलानी," त्या म्हणाल्या.

बॅंडवाल्याला कुणी खुणावलं नव्हतं, पण त्याने आपणहून वाजवायला सुरुवात केली.

६

सुनंदा बुधवारी संध्याकाळी परत आली. नाना आणि प्रमिलाबाई तिच्याच ओसरीवर बसले होते. ताईबाईही होती, आणि पुढच्या दाराने आलेली.

"म्होरक्याने बिल्ले मोजले," सुनंदा म्हणाली. "चाळीस. माझ्या कागदावर एकेचाळीस. म्हणाला, एक कुठाय? सगळे हसले. मी खरं ते सांगून टाकलं. मग कुणी हसलं नाही. म्होरक्याने बिल्ले पुन्हा ओंजळीत घेतले. म्हणाला, 'ओटीत काय काय घातलं होतं?' म्हटलं, गहू, खण, हळकुंड, नारळ. तसा तो बाकीच्यांना म्हणाला, 'जिने जन्मात समुद्र पाहिला नाही ती यांची ओटी भरते, आणि आपण गुरुवारी समुद्राला नारळ वाहून त्याच हाताने यांना दारात मारतो.' एकवीस दिवस मागितले होते. त्यांनी महिना दिला."

जीवराम फाटकापाशी ऐकत उभा होता. "म्हणजे भाद्रपदात माझ्या टोपल्या निम्म्या," तो म्हणाला.

"बाकीनी मासोई भरजो," ताईबाईने त्याला सुनावलं. "मी बी तेच इकसू."

नाना उठले. जाताना त्यांनी खिशातला गव्हाचा दाणा काढून झुंबरबाईंच्या हातावर ठेवला. "माल पोचला, अक्का. सही करा." त्या कितीतरी दिवसांनी हसल्या.

दिवाळीपर्यंत ताईबाई बाजारातले पालवे एकेक करून बघत राहिली. गाबोळीवाले बिल्ले निघाले अवघे तीन. सुनंदेने ते ओवायला काळा दोरा घेतला, तो झुंबरबाईंनी काढून घेतला आणि लाल दिला. मग त्यांनी तिन्ही बिल्ले तळहातावर घेऊन पुन्हा पुन्हा मोजले.

"तीनच?" त्यांनी विचारलं.

"तीनच, आई."

"मंग बाकीन्या पोचन्यात," झुंबरबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.